दुसऱ्या बेसच्या मागे पडलेला बॉल

बेसबॉलच्या मैदानात दुसऱ्या बेसच्या मागे एक तुकडा असतो, तो नक्की कोणाचा हे ठरलेलं नसतं. बॅट धरून उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेने पाहिलं तर दुसऱ्या बेसच्या डावीकडे शॉर्टस्टॉप उभा राहतो आणि उजवीकडे सेकंड बेसमन. बॉल उंच उडून त्या दोघांच्या मधे खाली यायला लागला की एकाने मोठ्याने ओरडायचं, ‘माझा!’ जो ओरडला त्याचा बॉल. दुसऱ्याने थांबायचं. आठ वर्षांच्या पोरांना पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात. मलाही शिकवलं होतं.

मला लिहायचं आहे ते एका शॉर्टस्टॉपबद्दल. त्यांनी आयुष्यभर हा खेळ पोटासाठी खेळला. पण मी त्यांच्या शेजारी उभा राहायची धडपड करत होतो, त्यामुळे हे माझ्याबद्दलच जास्त होईल अशी भीती वाटते. तसं झालं तर झालं.

मी अमरावतीचा. बाबा बस डेपोच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. शाळेत क्रीडाशिक्षकांनी मला क्रिकेटच्या रांगेतून बाहेर ओढलं आणि म्हणाले, ‘‘इथे शंभर पोरं उभी आहेत. बेसबॉलला नऊ लागतात आणि माझ्याकडे सातच आहेत. चल.’’ राज्य पातळीवर खेळलं की सर्टिफिकेट मिळतं, दहावीला वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंच्या राखीव जागा असतात. बाबांना बेसबॉल म्हणजे एवढंच कळलं, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. आमच्या संघातल्या निम्म्या पोरांना सामना किती इनिंगचा असतो हे माहीत नव्हतं, पण सर्टिफिकेटवर कोणाची सही लागते हे सगळ्यांना माहीत होतं.

संघात घ्यायची सरांची एक पद्धत होती. जो त्यांची किटबॅग उचलेल, चुन्याच्या रेषा मारेल, पाण्याची कॅन भरून आणेल, त्याचं नाव यादीत यायचं. ‘सर, मला खेळवा’ असं म्हणणाऱ्या पोराला सर पुढच्या सामन्यात बाहेर बसवायचे. ‘‘फार घाई झाली का रे तुला?’’ असं सगळ्यांसमोर विचारायचे. मी कधीच काही मागितलं नाही. मी बॅग उचलली. मला सेकंड बेस मिळाला, सर्टिफिकेट मिळालं, आणि एक समजूत मिळाली: काम करत राहावं, मान खाली ठेवावी, देणाऱ्याला दिसतं.

त्या सर्टिफिकेटवर मी नोकरी घेतली नाही. शिकत गेलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे कुठे थांबायचं हे सांगणारंही कोणी नव्हतं. असा मी जैवतंत्रज्ञानाच्या पुढच्या शिक्षणासाठी नेदरलँड्समधल्या लायडनला येऊन पोचलो.

तिथे सेमिनारमध्ये सगळे बोलायचे. ज्यांना काही येत नव्हतं तेही बोलायचे. मी लिहून घ्यायचो. वीकेंडला मराठी मंडळी कोणाच्या तरी घरी जमायची. त्यात आयटीतले पुण्या-मुंबईचे लोक जास्त, कधी आइंडहोवनचे इंजिनियरही यायचे. ते मला ‘आमचा छोटा शास्त्रज्ञ’ म्हणायचे. मी बेसबॉल खेळतो असं सांगितलं की कोणीतरी काका हमखास म्हणायचे, ‘‘म्हणजे क्रिकेटच ना, थोडं वेडंवाकडं?’’ आणि त्यांचा मुलगा इंग्रजीतून त्यांची चूक दुरुस्त करायचा.

बेसबॉल क्लब मला इंटरनेटवर सापडला. लायडनहून द हेगच्या बाजूला, सायकलवर पाऊण तास, वाळूच्या टेकड्यांच्या अलीकडे. समुद्राचा वारा सतत तोंडावर. पहिल्या संध्याकाळी मैदान पाहिलं आणि मी सायकलवरून उतरून तसाच उभा राहिलो. बेसच्या भोवती लाल विटांचा बारीक चुरा पसरलेला, वर पाणी मारलेलं, एकही खड्डा नाही. आमच्याकडे मुरूम होता. बॉल टप्पा पडून हनुवटीवर यायचा.

त्या लाल मातीत एक माणूस उकिडवा बसून बारीक खडे वेचत होता आणि पँटच्या मागच्या खिशात टाकत होता. काळा, रुंद खांद्यांचा, पस्तिशीच्या आसपासचा. मला वाटलं, मैदानाचा माळी.

‘‘गुड इव्हनिंग, सर,’’ मी म्हणालो.

‘‘सर?’’ त्यांनी मागे वळून पाहिलं. ‘‘मी दिवसभर रॉटरडॅमला कंटेनरमधली खोकी उतरवतो. सर वरच्या मजल्यावर बसतो. तू कोण?’’

ते क्लबच्या पहिल्या संघाचे शॉर्टस्टॉप होते. संघात खेळण्याचा मोबदला मिळणारे जे दोघे-तिघे होते त्यांच्यातले एक. आमचं बोलणं इंग्रजीत व्हायचं, मधे डच शब्द. इंग्रजीत काही फरक पडत नाही, पण माझ्या मनात मी त्यांना पहिल्या दिवसापासून अहो-जाहोच करत आलो.

मला दुसऱ्या संघात घेतलं. दुसऱ्या संघात कोणालाही घेतात. पण मंगळवारचा सराव दोन्ही संघांचा एकत्र व्हायचा, आणि तेव्हा मी त्यांना खेळताना बघायचो. बॉल जमिनीवरून वेगात यायचा आणि ते धावतायत असं वाटायचंच नाही. आधीच तिथे असायचे. दोन हात खाली, बॉल आत, आणि फेकून झालेला असायचा. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मला आयुष्यात काय हवं आहे: या माणसाच्या शेजारी, पहिल्या संघात, सेकंड बेसवर उभं राहायचं आहे. कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मी काम करायला लागलो.

डच क्लबात सगळी कामं सभासदच करतात. मैदान सारखं करणं, रेषा मारणं, लहान मुलांच्या सामन्याला अंपायर होणं, आणि कँटीनची पाळी. पहिल्या संघातला माणूस असो की कोणाची आई, पाळी आली की काउंटरमागे उभं राहून कॉफी द्यायची आणि फ्रिकांडेल, म्हणजे मांसाच्या लांब सुरळ्या, तळायच्या. लोक पाळ्या चुकवायचे. ‘माझ्या बहिणीचा वाढदिवस आहे,’ असं सरळ सांगायचे. मी नाही म्हणायचो नाही. दुसऱ्यांच्याही पाळ्या घ्यायचो. ‘‘टॉप!’’ ते म्हणायचे, म्हणजे झकास, आणि पाठीवर थाप मारायचे. मला वाटायचं, दिसतंय. पहिल्या संघाच्या कोचना दिसतंय.

शॉर्टस्टॉपना मात्र दुसरंच काहीतरी दिसत होतं. एकदा आम्ही दोघं फळी ओढून मैदानाची माती सारखी करत होतो, तेव्हा ते म्हणाले, ‘‘प्रोफेसर, परवाची पाळी तुझी नव्हती.’’ मी शिकतो म्हणून संघात सगळे मला प्रोफेसर म्हणायचे.

‘‘नव्हती. पण त्याला जमत नव्हतं.’’

‘‘त्याला जमत होतं. तो समुद्रावर गेला होता. मी पाहिलं.’’ मग म्हणाले, ‘‘तू चांगला मुलगा आहेस. मीपण होतो.’’

त्यांची हकीकत मला अशीच तुकड्यातुकड्याने कळली, फळीने माती ओढताना. ते कॅरिबियन समुद्रातल्या, डच राज्यात मोडणाऱ्या क्युरासाओ बेटावरचे. सोळाव्या वर्षी अमेरिकेतून आलेल्या एका माणसाने त्यांना गल्लीत खेळताना पाहिलं आणि घरी येऊन आईशी बोलणी केली. मग अमेरिकेतली छोटी छोटी गावं. वरच्या संघात जायचं तर आधी अशा गावांतल्या संघांतून चढत जायचं असतं. रात्रभर बस, सकाळी मैदान. दरवर्षी त्यांना सांगायचे, तयार राहा, वरून बोलावणं येईल. ते तयार राहिले. नवीन पोरांना बॉल उचलायला शिकवलं, सरावाला आधी आले, सगळ्यांत शेवटी गेले.

‘‘मग बोलावणं आलं,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्या खोलीतल्या पोराला. तो सेकंड बेसवर होता, मी शॉर्टस्टॉपला. त्यांना शॉर्टस्टॉप हवा होता. पण तो रोज मॅनेजरच्या दारात जाऊन उभा राहायचा. मला पाठवा, मला पाठवा. आम्ही त्याला हसायचो. त्याची बॅग टॅक्सीत मीच ठेवली.’’

‘‘तुम्ही काही बोलला नाहीत?’’

‘‘मी बॅग ठेवली म्हणालो ना.’’

पुढच्या वर्षी एका सकाळी नाश्त्याच्या टेबलावर त्यांना संघातून मोकळं केलं. डच पासपोर्ट होताच, म्हणून ते इकडे आले. इथल्या सर्वोच्च लीगमध्ये बरीच वर्षं खेळले. गुडघे दुखायला लागले तसे आमच्यासारख्या खालच्या क्लबात आले. गोदामात लोक त्यांना विचारायचे, तू कुठून आलास? ते सांगायचे, नेदरलँड्सहून. लोक हसायचे. ते नाही हसायचे.

मला खरं तर त्या दिवशीच सगळं कळायला हवं होतं. मला फक्त त्यांची दया आली.

त्या दिवसापासून ते मला शिकवायला लागले. बेसवर पाय कसा ठेवायचा, धावत येणाऱ्याच्या वाटेतून उडी कशी मारायची. आणि उंच बॉल. ‘‘बॅगच्या उजवीकडचा तुझा,’’ ते म्हणायचे. बॅग म्हणजे दुसरा बेस. ‘‘तू ओरडलास की मी थांबेन. तू ओरडला नाहीस तर मला कळणार नाही तू काय करणार आहेस. बॉल धरता आला नाही तर चालेल. ओरडता आलं पाहिजे.’’

मी ओरडायचो. सरावात, त्यांनीच मारलेल्या बॉलखाली. ‘‘हा काय आवाज आहे?’’ ते लांबून म्हणायचे. ‘‘लायब्ररीत पुस्तक मागतोयस का?’’ सगळे हसायचे, मीही हसायचो, आणि पुढच्या वेळी आवाज तेवढाच यायचा.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी पहिल्या संघाच्या सेकंड बेसमनचं बोट मोडलं. कोचनी सरावानंतर सगळ्यांना गोल उभं केलं आणि विचारलं, ‘‘रविवारी सेकंड बेसवर कोणाला खेळायचं आहे?’’

एवढा साधा प्रश्न. मी खाली मातीकडे बघत राहिलो. मला वाटलं, आता ते माझं नाव घेतील. एकोणीस-वीस वर्षांच्या एका पोराने हात वर केला. तो सरावाला निम्म्या वेळा यायचाच नाही.

‘‘प्रोफेसरला खेळवा,’’ शॉर्टस्टॉप म्हणाले. ‘‘माझ्या शेजारी कोण उभं राहणार हे मला ठरवू द्या.’’

कोचनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘तुला हवंय का?’’

‘‘तुम्ही म्हणाल तसं,’’ मी म्हणालो.

कोचच्या कपाळाला आठी पडलेली मला दिसली. पण ते ठीक म्हणाले, आणि पुढचंही सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं: रविवारी चांगला खेळलास तर पुढच्या सीझनला पहिल्या संघात. नाही तर नाही. इथले लोक असं तोंडावर बोलतात. मला तेव्हा ते फार आवडायचं.

रविवारी वारा होता. समुद्राकडून, मैदानावर आडवा येणारा. हरलो तर आमचा संघ एक लीग खाली जाणार होता; वर टिकायचं तर हा सामना आम्हाला जिंकावा लागणार होता. कँटीनच्या काचेमागे लोक कॉफी घेऊन उभे होते. सुरुवातीला माझ्याकडे दोन बॉल आले, दोन्ही मी नीट उचलून पहिल्या बेसला फेकले. एकदा शॉर्टस्टॉपनी बॉल माझ्याकडे असा दिला, हातात ठेवावा तसा, की मी बेसवर पाय टेकून वळलो आणि फेकला आणि एका झटक्यात दोघे बाद झाले. माझ्याजवळून जाताना त्यांनी ग्लव्हने माझ्या टोपीवर टपली मारली. तो दिवस तिथेच संपला असता तर आज मी वेगळं काहीतरी लिहिलं असतं.

शेवटच्या इनिंगला आम्ही एका रनने पुढे होतो. समोरच्यांचे दोन बाद, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर त्यांची माणसं. एक बाद केला की सामना संपला. त्यांच्या बॅटरने बॉल वरच्या वर उडवला.

शाळेतल्या पोरानेही धरला असता असा बॉल. आधी तो शॉर्टस्टॉपच्या डोक्यावर होता. ते मागे सरकले, मान वर, ग्लव्ह तयार. मग वाऱ्याने त्याला ढकललं. बॅगच्या उजवीकडे. माझ्याकडे. मी चार पावलं मागे गेलो आणि बरोबर खाली आलो. मला तो दिसत होता, शिवणीसकट दिसत होता.

आणि मला तेही दिसले. ते माझ्या दिशेने येत होते, बॉलकडे बघत. त्यांचा बॉल असल्यासारखे. त्यांचा चेहरा, त्यांची इतकी वर्षं. माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. मी बाजूला झालो. घराच्या दारात मोठं माणूस समोरून आलं की आपण जसे अंग चोरून भिंतीला टेकतो, तसाच. पायांना काही सांगावं लागलं नाही.

पण त्याआधीच त्यांनी नजर खाली करून मला बॉलखाली उभं पाहिलं होतं. म्हणून तेही थांबले. माझ्या ओरडण्याची वाट बघत थांबले.

बॉल आमच्या दोघांच्या मधे पडला. लाल माती थोडी उडाली. आवाज अगदी छोटा आला. तोपर्यंत त्यांची दोन्ही माणसं होम प्लेटला पोचली होती, आणि आम्ही एका रनने मागे पडलो होतो.

शॉर्टस्टॉपनी बॉल उचलला, बघितला, आणि पिचरकडे हलकेच टाकला. पुढचा बॅटर बाद झाला, मग आमच्या पाळीत आम्हीही बाद झालो. सामना संपल्यावर ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

‘‘का?’’

‘‘तुम्ही येत होतात,’’ मी म्हणालो. ‘‘मला वाटलं, तुमचा आहे.’’

‘‘माझा?’’

‘‘तुम्ही मोठे आहात. मी तुमचा मान...’’

‘‘मान?’’ ते इतक्या मोठ्याने म्हणाले की समोरच्या संघाची माणसं वळली. ‘‘तो बघ माझा मान. तिथे पडलाय. उचल आणि घरी घेऊन जा.’’ आणि मग एकदम हळू आवाजात, ‘‘हा माझा शेवटचा सीझन होता. मला वर टिकून संपवायचं होतं. एवढंच मागितलं होतं मी.’’

मला हे माहीत नव्हतं. त्यांनीही कोणाला सांगितलं नव्हतं.

कोच कँटीनच्या दाराशी भेटले. रागावलेले नव्हते. ‘‘हात चांगले आहेत तुझे,’’ ते म्हणाले. ‘‘पण जो ओरडत नाही त्याला मी मधे उभा करू शकत नाही. मंगळवारपासून परत दुसऱ्या संघात. समजलं?’’ मी मान हलवली. ‘‘छान. आणि शनिवारी कँटीनला कोणी नाहीये, तू करशील?’’

मी हो म्हणालो. ‘‘टॉप!’’ ते म्हणाले.

मला आजही ठरवता येत नाही की क्लबातल्या लोकांचा राग यावा का. त्यांनी मला कधी फसवलं नाही. मी तळलेल्या फ्रिकांडेलच्या बदल्यात सेकंड बेस देऊ असं त्या मैदानावर कोणीही म्हणालं नव्हतं. तो सौदा मी एकट्यानेच केला होता, अमरावतीहून सोबत आणला होता. पण दोन वर्षं मी दुसऱ्यांच्या पाळ्या करत होतो, तेव्हा एकालाही हे विचारावंसं वाटलं नाही की हा का करतोय. काम होत होतं ना. राग येतोच.

त्या संध्याकाळी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. मी सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं.

‘‘हारले मंग?’’

‘‘हो.’’

‘‘तुह्यामुळं?’’

‘‘हो, बाबा. मी बाजूला झालो. ते मोठे होते ना, येत होते समोरून.’’

मागे आई भांडी लावत असल्याचा आवाज येत होता.

‘‘बरं केलं,’’ ते म्हणाले. ‘‘मोठ्या मानसाच्या पुढं पुढं करू नाई. आपली जागा आपल्याले भेटते बावा. साहेबायले दिसते सारं. मी तीस वर्सं काढली डेपोत, कधी तोंड वर करून मांगलं नाई काई.’’

‘‘आणि भेटली जागा?’’

मला असं विचारायचं नव्हतं. विचारून गेलं.

बाबा हसले. ‘‘जेवला का तू?’’ म्हणाले.

त्या रात्री मला त्यांचा आणि माझा, दोघांचाही इतका राग आला की अंथरुणात पडून मी नुसता छताकडे बघत राहिलो. बाबांनी मला शाबासकी दिली होती. आयुष्यात पहिल्यांदा खेळासाठी दिली होती, आणि नेमकी त्या बॉलसाठी.

पुढच्या एप्रिलमध्ये क्लबने शॉर्टस्टॉपचा निरोप समारंभ केला. फुलं दिली, त्यांचा शर्ट फ्रेम करून कँटीनमध्ये कॉफीच्या मशीनशेजारी लावला. आणि ते साधे सभासद झाले, म्हणून पुढच्या शनिवारी त्यांना कँटीनची पाळी लागली. माझ्यासोबत.

बाहेर पहिल्या संघाचा सामना चालू होता, एक लीग खाली. सेकंड बेसवर तोच पोरगा होता ज्याने हात वर केला होता. ते काचेकडे पाठ करून तेलात जाळी सोडत होते. एक बॉल उंच उडाला आणि काचेतून आत ऐकू आलं, ‘‘माझा!’’ त्यांनी मागे वळून पाहिलंही नाही. ‘‘धरला,’’ ते म्हणाले. बाहेर टाळ्या झाल्या.

सामना संपला, लोक आत येऊन गेले, गर्दी कमी झाली. एप्रिल असल्यामुळे बाहेर अजून चांगलाच उजेड होता. मी बराच वेळ मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो.

‘‘मला थोडे उंच बॉल मारून द्याल का?’’ मी विचारलं. ‘‘मला सराव करायचाय. ओरडायचा.’’

इतक्या दिवसांत त्यांच्याकडे मी पहिल्यांदाच काही मागत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या तेलकट हातांकडे, मग शर्टच्या फ्रेमकडे.

‘‘कशाला?’’ त्यांनी विचारलं.

चिडून नाही विचारलं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं असं मला वाटलं, बहुतेक स्वतःसाठीसुद्धा. जूनमध्ये माझा अभ्यासक्रम संपणार होता, नोकरी रॉटरडॅमच्या पलीकडे ठरली होती. काउंटरवर कोणीतरी हात वर करून म्हणालं, कॉफी माझी, दुधाची, आणि ते तिकडे वळले.

मी मागच्या दाराने बाहेर पडलो, शेडमधली फळी काढली, आणि दुसऱ्या बेसच्या मागची माती सारखी करायला लागलो. त्या दिवशी ती माझी पाळी नव्हती.